चार वाजताचा तपासनीस

रत्ना, तू गेलीस त्याला सहावा दिवस होता. दुपारचे चार वाजले होते. सौंसरच्या घरात मी एकटी होते, आई शेजारी गेलेली, रस्त्यावर उन्हामुळे कोणी नाही. काम करायचं मनात नव्हतं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच कॉम्प्युटर उघडला होता, नुसता सवयीने. आणि तुझ्या नावाने मेल आला.

"तपासून झालं. शंका तीन. नदि? पुल? मिना?"

एवढंच. खाली तुझं नाव.

मी खुर्ची मागे सारून उठले आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. पाणी प्यायचं होतं, पण पेला हातात घेऊन तशीच उभी होते. खरं तर घाबरायचं काही कारण नव्हतं. तो मेल काय आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पांढुर्ण्याच्या तुमच्या घरातला कॉम्प्युटर रोज चार वाजता आपला तपासनीस प्रोग्राम चालवायचा, आपल्या गावांच्या साइटची सगळी पानं वाचायचा आणि शुद्धलेखनाच्या शंका मला कळवायचा. तूच तसं लावून ठेवलं होतंस. कॉम्प्युटर कोणी बंद केला नसेल, म्हणून मेल आला. साधी गोष्ट होती.

पण ती पानं माझ्याकडेही होती. मी लगेच माझ्या बाजूने तपासनीस चालवला. शंका एकही नाही. सगळ्या पानांत "मिना" शोधलं, मग "मीना" शोधलं. आपल्या रामाकोना, मोहगाव, सावरगाव कुठल्याच पानावर माझं नाव नव्हतं. मग तू, म्हणजे तुझा तपासनीस, माझं नाव कुठे वाचत होता?

सातव्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच आलं. आठव्या दिवशी मी मुद्दाम घरात थांबले नाही, शेतात गेले. संत्र्याच्या दोन ओळींमधून चालत होते तर कमरेला खोचलेला मोबाइल थरथरला. मी पाहिला नाही. पाहायची गरजच नव्हती. कोणीतरी रोज ठरल्या वेळी येऊन माझं नाव घेत होतं, तेही शेवटी प्रश्नचिन्ह लावून, आहेस का असं विचारल्यासारखं.

*

तुला आठवतं, पहिल्यांदा तू माझं लिहिलेलं वाचलंस तेव्हा किती हसलीस? मी हिंदी शाळेत शिकलेली. मराठी आमच्या घरात बोलायची भाषा, लिहायची वेळच कधी आली नव्हती. मी "पुल" लिहायचे, हिंदीतल्यासारखा. तू छापखान्यात वर्षानुवर्षं लग्नपत्रिका आणि शाळेची पुस्तकं तपासलेली. म्हणालीस, "अवं, असा आखूड पूल बांधला तर माणूस मधातच पडन ना!"

त्या दिवसापासून मी तुझी विद्यार्थिनी. मला प्रोग्राम लिहिता यायचे, तुला भाषा यायची. आसपासच्या गावांची माहिती मराठीत मिळावी, पोरांना वाचता यावी, म्हणून साइट सुरू केली ती दोघींनी. मजकूर शाळेतले मास्तर लिहून पाठवायचे आणि त्यात चुका असायच्या. त्या शोधायला मी तपासनीस लिहिला, आणि पहिल्याच दिवशी त्याने सगळं पान लाल करून टाकलं. गोवर आल्यासारखं पान दिसत होतं.

कारण पानावर नुसता मजकूर नसतो. हे अक्षर ठळक कर, इथे ओळ मोड, इथे चित्र लाव, अशा यंत्रासाठीच्या खुणाही टोकदार कंसांत लिहिलेल्या असतात. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत, पण तपासनिसाला दिसतात, आणि त्याला त्या चुकीचे शब्द वाटतात. मी म्हटलं, सोपं आहे, कंसातलं सगळं पुसून टाकायचं आणि उरेल ते तपासायचं. तू एकच पान समोर ठेवलंस. मोहगावच्या मास्तरांनी व्याकरण शिकवायला "झाडाला" मधला "ला" ठळक केला होता. तिथली खूण पुसून शब्द जोडला, छान झालं. त्याच पानावर "पाणी" नंतर ओळ मोडून "द्या" लिहिलं होतं. तिथलीही खूण पुसली गेली आणि "पाणीद्या" असा शब्द तयार झाला.

"सगळे कंस सारखे दिसते, पण सारखे नसते," तू म्हणालीस. "काही जोडते, काही तोडते. तू वाचून पाय ना, कोणता काय करते."

तुझ्यामुळे मी माझाच कोड वाचायला शिकले. आधी मी तो फक्त लिहीत होते.

आणि ते "एकुन"? पोरांना प्रोग्रामिंग शिकवायच्या पानावर एका मास्तरांनी बेरजेला "एकुन" असं नाव दिलं होतं. तपासनिसाने एका ठिकाणी ते "एकूण" केलं, बाकीच्या ठिकाणी तसंच राहिलं, आणि पोरांचा प्रोग्राम चालेना. मास्तरांचा फोन आला. मी चिडून म्हटलं, आता कोडला हातच नको लावायला. तू म्हणालीस, हात लावायचा नाही तो नावाला. कोडमध्ये ज्याने जे नाव ठेवलं ते त्याचं, चुकीचं असलं तरी. पण त्याच कोडच्या शेजारी मास्तरांनी पोरांसाठी जी टीप लिहिली आहे, ती माणसाने माणसाला लिहिलेली आहे, ती तपासायलाच हवी. मी दोन दिवस वाद घातला आणि मग तू म्हणालीस तसंच केलं.

बहुतेक वेळा मी शेवटी तुझंच ऐकायचे. एकदाच ऐकलं नाही.

*

चित्रांच्या खुणेत एक जागा असते, जिथे चित्रात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवता येतं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ते दिसत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला यंत्र ते वाचून दाखवतं. तुझ्या बाबांची दृष्टी काचबिंदूने गेलेली. ते शाळेत कारकून होते, अक्षर असं की लोक मुद्दाम त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. आता ते आपली साइट कानांनी वाचायचे. तू म्हणालीस की तपासनिसाने चित्रांची ही वर्णनंही तपासायला हवीत, चुकीचं लिहिलं की यंत्र चुकीचं बोलतं, बाबांना कळत नाही. मी म्हटलं, तो कंसातला मजकूर आहे. कंसात शिरलो की पुन्हा सगळं पान लाल होईल. महिनाभराचं काम वाढेल.

"तुले ते कंस दिसते मीना. मले त्याच्यात बाबा दिसते."

यावर मी जे बोलले ते मला इथे लिहायलाच हवं, कारण ते तुझ्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, "पाहणारे सगळे, आणि ऐकणारे तुझे बाबा एकटे. एका माणसासाठी सगळं थांबवू का मी?"

तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

दोन आठवडे आपण बोललो नाही. मी रोज ठरवायचे, आज फोन करू. माफी कशी मागायची याची वाक्यं मनात जुळवायचे. तेवढ्यात तुझ्या शेजारच्या काकूंचा फोन आला की ताप डोक्यात गेला, नागपूरला नेत आहेत. मी निघेपर्यंत दुसरा फोन आला.

*

दहाव्या दिवशी मी सौंसरहून बस धरली. मेल आता सहन होत नव्हता. मनाशी म्हटलं, जाऊन कॉम्प्युटर बंद करून यायचं.

तुमचं दार उघडंच होतं. घरात कोणाचीही चाहूल नव्हती, पण तुझ्या खोलीतून कोणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज, सपाट, प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा. मी उंबऱ्यातच थांबले. आवाज म्हणाला, "रामाकोना स्टेशन. बाकावर एक म्हातारी बसली आहे. तिच्या मांडीवर कोंबडीची टोपली आहे."

तुझे बाबा तुझ्या खुर्चीत बसले होते. पडद्याकडे तोंड, डोळे उघडे. त्यांच्यासमोर रामाकोना स्टेशनचं चित्र होतं. त्या चित्रात बाक होता, पण त्यावर कोणी नव्हतं.

"कोण? मीना का?" ते मान न वळवता म्हणाले.

"हो काका."

"बस. चार वाजून राहिले. आता ते बोलते."

मी स्टूल ओढून बसले. भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन-तीन मिनिटं कमी होती. विचारलं, "काका, हा बंद नाही केला कोणी?"

"मी करू देत नाही. दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळी बसली होती इथं. अंगात ताप, तरी टाइप करून राहिली होती. मले म्हणे, बाबा, हे चार वाजता बोलन, बंद करू नका. मग मी काहून बंद करू?"

चार वाजले. आधी काहीच झालं नाही. मग कॉम्प्युटरच्या पेटीतला पंखा जोरात फिरायला लागला आणि तोच आवाज म्हणाला, "तपासून झालं. शंका तीन. नदि. पुल. मिना."

बाबांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. "रोज तुलेच विचारते. तू येऊन नव्हती राहिली."

मी विचारलं की हे माझं नाव येतं कुठून. ते म्हणाले, "सावरगावच्या पानात आहेस ना तू. थांब, ऐकवतो." सरावाच्या बोटांनी त्यांनी कळा दाबल्या. पडद्यावर सावरगावचं पान उघडलं, जाम नदीवरच्या पुलाचं चित्र आलं आणि यंत्र वाचायला लागलं.

"जाम नदि. उन्हाळा आहे, पाणी नाही. पलीकडे सावरगावची घरं. पुल. पुलावर मिना उभी आहे. मला उशीर झाला आहे. ती अजून रागावलेली नाही."

मी चित्राकडे पाहिलं. पूल रिकामा होता. चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, उन्हात पांढरा पडलेला, रिकामा.

"दिसून राहिली का तू?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. पुलावर कोणीच नाही."

"असं कसं? ते तर म्हणून राहिलं, तू उभी आहेस."

रत्ना, त्या क्षणी मला वाटलं की तू नाही, मीच गेले आहे. तुम्ही दोघं एका बाजूला आहात, तिथे सगळी माणसं जागच्या जागी आहेत, आणि मी बाहेरून एका रिकाम्या पुलाकडे पाहते आहे. बाबांना मी एकेक पान उघडायला सांगितलं. मोहगावच्या बाजाराच्या चित्रात यंत्राला झोपलेला कुत्रा दिसत होता, मला नुसती ताडपत्री दिसत होती. एका शाळेच्या पायरीवर मुलगी बसली आहे असं यंत्र म्हणालं, पडद्यावर पायरी अर्धीच होती.

अर्धी पायरी पाहिली आणि मग कळलं. चित्रं मोबाइलवर नीट बसावीत म्हणून ती कापायचा प्रोग्राम मीच लिहिला होता. मध्याचा भाग ठेवायचा आणि दोन्ही कडा उडवायच्या, सगळ्यांना एकच माप. तू वर्णनं लिहिलीस ती मूळ फोटो पाहून. माझ्या प्रोग्रामने कडेची माणसं कापून टाकली होती, आणि तू ती कंसात जपून ठेवली होतीस.

तुझ्या फोल्डरमध्ये मूळ फोटो सापडला. अगदी उजव्या कडेला, पुलाच्या कठड्याला टेकून मी उभी आहे. डोक्यावर ओढणी, हातात तुझ्यासाठी आणलेली संत्र्यांची पिशवी. तू पलीकडून येत होतीस आणि हाक मारायच्या आधी लांबूनच फोटो काढलास. मला ते कधी कळलंच नाही.

तुझा कोडही तिथेच होता, आणि ही वर्णनंही फक्त त्याच कॉम्प्युटरवर, म्हणूनच माझ्याकडच्या पानांत माझं नाव सापडलं नव्हतं. तू तो एकटीने पुरा केला होतास. वर्णनं तपासायची आणि बाकी कंसाला हात लावायचा नाही, हे तू इतक्या थोड्या ओळींत बसवलं होतंस की मी म्हटलेला महिना आठवून मला लाज वाटली. आणि शेवटी, कोडच्या शेजारी, माणसाने माणसासाठी लिहायच्या जागी, तू लिहिलं होतंस: "सावरगावच्या वर्णनात तीन चुका मुद्दाम पेरल्या आहेत. त्या पकडल्या तर काम झालं समजायचं. मग मीनाला दाखवायचं, आणि भांडण संपवायचं."

मी ते बाबांना वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "भांडण झालं होतं तुमचं?"

"हो काका."

"कशावरून?"

मी खरं ते सांगितलं. जसं बोलले होते तसंच, एकही शब्द न बदलता. ते टेबलावर हात चाचपत माझ्या मनगटाशी आले आणि म्हणाले, "एकटा तर आहोच मी. त्याच्यात खोटं काय बोलली तू?"

त्यांनी मला रागवायला हवं होतं, रत्ना. ते सोपं गेलं असतं.

*

तुझा कोड मी तपासनिसात घातला. कापलेली चित्रं काढून मूळ फोटो लावले. मग पेरलेल्या चुकांकडे आले. नदी नीट केली, पूल नीट केला. माझ्या नावापाशी बोट थांबलं. बाबा म्हणाले, "कर दुरुस्त. ते तुले फार आखूड म्हणते, बरं नाही वाटत." मी केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढुर्ण्याला गेले. चार वाजता आम्ही दोघं पेटीसमोर बसलो होतो. पंखा फिरला. आवाज म्हणाला, "तपासून झालं. शंका नाही."

आणि गप्प झाला.

ही शांतता आधीच्या बोलण्यापेक्षा भयंकर होती. दहा-अकरा दिवस कोणीतरी मला विचारत होतं, आणि मी उत्तर दिलं तर ते विचारायचंच थांबलं. घरात माश्यांचा आवाज तेवढा येत होता. बाबा वाट पाहत होते, पुढे काही येईल म्हणून. आलं नाही. मी तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिथे तुझा टॉवेल अजून होता, कडक वाळलेला. तेव्हा मी रडले. त्याआधी रडलेच नव्हते.

बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मीना, एक काम करशील? तिच्या मागं पुण्यानुमोदनाचा विधी केला त्या दिवशी भिंतीवर तिचा फोटो लावला म्हणते. रोज हार बदलते शेजारीण. मले काय माहीत त्याच्यात काय आहे. मी तिले पाहिलं ते शेवटचं तिच्या पस्तिशीत. त्याच्यापुढं कशी दिसत होती, ते मले कोणी सांगितलंच नाही. तिले विचारलं तर हसायची. तू लिही ना, यंत्राले वाचता येईन असं."

मी मोबाइलने तो फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर चढवला. वर्णनाची जागा उघडली. कर्सर तिथे लुकलुकत होता आणि मला काही सुचत नव्हतं. तुझ्याइतकं नीट मला कुठे लिहिता येतं? तरी लिहिलं.

"ही रत्ना. निळी साडी नेसली आहे. चष्मा नाकावर थोडा खाली आला आहे. कानाजवळचे केस पिकले आहेत, ती ते रंगवत नाही. कपाळावर दोन आठ्या आहेत, वाचून वाचून पडलेल्या. उजव्या गालावर बाबांसारखा तीळ आहे. ती फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगते आहे. बहुतेक त्याची चूक."

यंत्राने ते वाचलं. बाबा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. "केस पिकले होते तिचे?" त्यांनी विचारलं.

"हो काका. दोन-तीन वर्षं झाली."

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. बोटाने त्यांनी तीळ शोधला आणि बोट तिथेच ठेवलं. मग दुसऱ्या हाताने कळ चाचपली.

"अजून एकदा ऐकतो," ते म्हणाले.